गुरुवारचा शेष

बूढापारा, रायपूर
रविवार, १८ फेब्रुवारी २००७

चि. सौ. देवयानीस,

बाबांचे आशीर्वाद. इकडची थंडी ओसरली. नळाला दोन्ही वेळ पाणी येतं. माझे गुडघे होते तसेच आहेत. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो.

आता पहिल्यांदा कामाचं. तुझी आई बरी आहे. घरात हिंडते-फिरते, दोन घास जेवते. ८ आणि १५ तारखेच्या गुरुवारी ती तुझ्याकडे आली नाही. तू वाट पाहिली असशील आणि फोन मीच उचलेन म्हणून केला नसशील. ती दर गुरुवारी तुझ्याकडे येते, हे मला आता ठाऊक आहे. तिनं सांगितलेलं नाही, शेजारच्या सरितानंही नाही, तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. मला ते आकड्यांवरून कळलं. कसं कळलं ते क्रमानं सांगितल्याशिवाय पुढचं मला लिहिता येणार नाही. माझा स्वभाव तुझ्या ओळखीचा आहे, चार वर्षांत तो बदललेला नाही.

रेल्वेच्या सांख्यिकी शाखेत बत्तीस वर्षं मी मालडब्यांचे आकडे जुळवले. निवृत्त झाल्यावर डबे संपले आणि जुळवायला घरात फक्त तुझी आई उरली. ऑगस्टमध्ये साखर मोजायचं यंत्र घेतलं आणि ३ तारखेपासून रोज संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी, तिच्या बोटाला सुई लावायला सुरुवात केली. ती वैतागायची. “काहून टोचून राहिले जी रोज? बोट हाय का चाळणी हाय?” मी तिकडे लक्ष दिलं नाही. वहीत एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला त्या दिवशीच्या पोळ्या, भाताच्या वाट्या, चालणं किती मिनिटं, शेवटचं खाऊन किती तास झाले, असं सगळं लिहीत गेलो. त्यावरून एक सूत्र बसवलं. अमुक पोळ्या, तमुक चालणं, तर संध्याकाळची साखर इतकी असायला हवी. सूत्र सांगतं तो आकडा आणि यंत्र दाखवतं तो आकडा, यांतल्या फरकाला आम्ही ऑफिसात शेष म्हणायचो. शेष लहान असले की सूत्र बरं, असं ढोबळमानाने समज.

सूत्र चांगलं बसलं होतं. मी खूश होतो. सगळ्या शेषांची बेरीज केली, ती शून्य आली, आणि मी वही मिटली.

इथे माझी चूक झाली, आणि ती साधी चूक नाही. ही बेरीज शून्य येणारच असते, सूत्रच तसं बसवलेलं असतं. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. खरं काय ते पाहायचं तर शेष तारखेप्रमाणे आलेखकागदावर मांडावे लागतात. “आलेख काढल्याशिवाय कागद माझ्या टेबलावर आणायचा नाही,” असं मी हाताखालच्या लोकांवर वर्षानुवर्षं ओरडलो. एका बिचाऱ्याचा कागद तर मी सगळ्यांसमोर परत फेकला होता. आणि स्वतःच्या घरात मी आलेख काढला नाही. आळस नव्हता. माझ्या घरात मला माहीत नसलेलं काही घडत असेल, असं माझ्या मनातच आलं नाही.

तुला माहीतच आहे, आईचा गुरुवारचा उपास असतो. दिवसभर बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी चारला पुरानी बस्तीतल्या देवीला जायचं, साडेसहाला परत, आणि रात्री जेवण. पोटात काही नाही, तर त्या दिवशी साखर उतरायला हवी. पण कधी दोनशे दहा, कधी दोनशे तीस, असे आकडे दिसत. उपाशीपोटी एवढी साखर, याचा मी अर्थ लावला की आजार बळावला. २७ जानेवारीला तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्या आकड्यांभोवती लाल शाईनं गोल केले होते. डॉक्टरांनी नीट विचारलं, “ये बाहर कुछ खाती तो नहीं हैं?” आईकडे बघून विचारलं होतं. उत्तर मी दिलं. म्हटलं, “नहीं साहब, सब मेरी नज़र के सामने है।” आई शेजारच्या खुर्चीत पदराचं टोक बघत बसली होती.

अर्धी गोळी होती, ती पूर्ण झाली. दोन्ही वेळ.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी संकष्टी होती. तो उपास खरा. चंद्र उगवेपर्यंत ती खरंच काही खात नाही, आणि पोटात मात्र दुप्पट गोळी. साडेसहाच्या सुमाराला ओट्याशी काही पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर ती खाली बसलेली, हातपाय गार, घामानं निथळत होती आणि मला ओळखत नव्हती. “दुपटं टाका जी, बाळाले थंडी लागून राहिली,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाळ म्हणजे तूच असशील, जुन्या आठवणीत गेली असेल, असं मला वाटलं. यंत्रावर आकडा आला अडतीस. मी साखरेचा डबा उघडला आणि सरिताला हाक मारली. सरितानं धावत येऊन साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं, रिक्षा तिनंच आणली. दोन दिवस दवाखान्यात सलाइन होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं.

मी तुला कळवलं नाही. याचं समर्थन माझ्याकडे नाही.

घरी आणल्यावर, ११ तारखेला, ती झोपलेली असताना मी आलेखाचा कागद काढला. सहा महिन्यांचे एकशे त्र्याऐंशी दिवस, एकशे त्र्याऐंशी ठिपके. मांडायला दोन तास लागले, वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. जवळजवळ सगळे ठिपके रेषेच्या थोडे खाली, सात-आठ अंकांनी. आणि सोळा ठिपके रेषेच्या वर, खूप वर. सोळाही गुरुवार. माझ्या बेरजेत शून्य आलं होतं ते असं आलं होतं.

मग मी गुरुवार वेगळे काढले. एकूण सत्तावीस. ऑगस्ट-सप्टेंबरचे नऊ अगदी गुणी, इतर दिवसांसारखेच. ५ ऑक्टोबरपासून एकदम उडी. त्यातही ५ ऑक्टोबरचा शेष सगळ्यांत मोठा, एकशे बारा. मधे डिसेंबरचे दोन गुरुवार, २१ आणि २८, पुन्हा गुणी. म्हणजे ऑक्टोबरपासून आई गुरुवारी देवळाच्या वेळेत कुठेतरी पोटभर आणि गोड खाते, आणि ज्यांच्याकडे खाते ते लोक डिसेंबरच्या शेवटी गावात नव्हते.

आता एक गोष्ट लिहावी लागते, जी मी आईलाही सांगितलेली नाही. रोज सात वाजता तिची साखर मोजून मी बूढा तालाबावर फिरायला जातो, असं घरी सांगतो. तालाबावर मी गेल्या तीन वर्षांत मोजून पाच वेळा गेलो असेन. मी चौबे कॉलनीत येतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी थांबतो, तुमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत दिवा दिसला की परत फिरतो. वर कधी आलो नाही, येणारही नव्हतो. डिसेंबरच्या शेवटी पंधरा दिवस दिवा नव्हता. अनिमेषच्या घरच्यांकडे बिलासपूरला गेला असाल असा मी अंदाज केला होता. दिवा नव्हता, आणि गच्चीवरच्या दोरीवर थंडीभर वाळत असायची ती छोटी दुपटीही नव्हती. ती दुपटी मी खालच्या भाडेकरूंची धरून चाललो होतो.

कागदासमोर बसलो होतो तेव्हा मला तुझी आईकडची आजी आठवली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही तिची शिस्त. तुझ्या आईनं ती आजवर मोडलेली नाही. तुझी कौमुदीमावशी लग्नानंतर सहा वर्षं मुलाची वाट पाहत होती, तेव्हा आजीबरोबर गेलेली तुझी आईसुद्धा तिच्याकडे नुसती बसून परत यायची. त्यामुळे ती तुझ्याकडे गेली तरी खाईल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नसतं. चार वर्षं ती येत असणारच. पण खायला लागली ती ५ ऑक्टोबरला. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला ती दिवसभर घरी नव्हती, सरिताच्या बहिणीची तब्येत बिघडली म्हणाली होती. तिथून बारावा दिवस म्हणजे बरोबर ५ ऑक्टोबर. एकशे बारा हा चहा-बिस्किटाचा आकडा नाही. ते बारसं असणार.

देवयानी, मी तो कागद पालथा घातला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. मला रडू आलं. रागही आला, खोटं कशाला लिहू. सगळ्या गल्लीला माहीत, आणि मला नाही. पण त्या घरची गोष्ट माझ्यासमोर काढायची नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. लोकांनी ऐकलं.

अनिमेषच्या त्या तक्त्याबद्दल मी कधीच काही लिहिलं नाही. तो तुला मागणी घालायला आईवडिलांना घेऊन आपल्याकडे आला होता आणि मी अकरा रकाने करून त्याला गुण दिले होते. शंभरपैकी त्रेचाळीस, आणि ते मी सगळ्यांसमोर वाचून दाखवले. मला वाटलं, मी निःपक्षपातीपणा करतो आहे. “बाबा, तुम्ही तुमच्या तक्त्याबरोबरच राहा,” असं म्हणून तू उठलीस, ती चार वर्षं या घरात आली नाहीस. ते रकाने मी ठरवले, त्यांचं वजन मी ठरवलं, मग उत्तर वेगळं यायचंच कसं? आलं ते माझंच मत होतं, त्याला मी फक्त आकड्याचे कपडे घातले. एवढं साधं मला तेव्हा दिसलं नाही. चूक माझी होती. अनिमेषला हे सांग, किंवा हा परिच्छेद त्याला वाचून दाखव.

आता जे लिहायचं टाळत आलो ते. आई तुझ्याकडे यायची थांबली आहे, आणि मी थांबवलेलं नाही. दवाखान्यातून आल्यावर सरिता तिला देवळात चल म्हणायला आली होती. मी आत पेपर घेऊन बसलो होतो. ओसरीवर आई तिला म्हणाली, “देवीच्या नावावर खोटं बोलली मी, सरिता. चार साल. तिनंच पाडलं मले. आता नाही जात कुठं.” सरिता म्हणाली, “ऐसा नहीं होता भाभी।” आईनं ऐकलं नाही. ८ तारखेच्या गुरुवारी ती अंथरुणावरच होती. १५ तारखेला चार वाजता तिनं साडी बदलली, केस विंचरले आणि खाटेच्या काठावर बसून राहिली. सहा वाजता उठून साडी घडी करून ठेवली. परवा महाशिवरात्र झाली, त्या दिवशीही उंबरा ओलांडला नाही. रोज देवासमोर बसून ओठ हलवत असते.

तिला देवीनं पाडलेलं नाही. तिला मी पाडलं. डॉक्टरांना उत्तर मी दिलं, लाल गोल मी काढले, आलेख मी काढला नाही. एका वाक्याचं काम आहे, आणि आठ दिवस मी ते वाक्य तोंडाशी आणून परत गिळतो आहे. काल डॉक्टरांना मात्र जाऊन सगळं सांगितलं. दवाखान्यापासून बंद असलेली गोळी पुन्हा अर्धी सुरू झाली आहे. ते म्हणाले, “इतनी सी बात थी, पहले बता देते।” पण तिला सांगायचं म्हणजे मला तिचा गुरुवार ठाऊक आहे हेही सांगायचं, रोज संध्याकाळी मी कुठे जातो तेही सांगायचं. अडतीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी ‘माझं चुकलं’ म्हटल्याचं आठवत नाही. म्हणून आधी तुला लिहिलं. कागदावर मला जमतं.

मी न सांगता राहिलो तर ती पुन्हा तुझ्या घरी येणार नाही. तिचं नातवंड तिला दिसणार नाही, आणि त्याला कारण माझं गप्प बसणं असेल. तेव्हा उद्या सकाळी हे पत्र तिला वाचून दाखवतो. मग टाकतो.

सोमवार, १९ फेब्रुवारी

वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून, मधलं काही न गाळता. ती लसूण सोलत होती, तुझं नाव ऐकून हात थांबला तो शेवटपर्यंत थांबलेलाच होता. चौबे कॉलनीचा भाग आला तेव्हा तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, बस.

वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “म्हणजे देवी नव्हती. तुमी होते.”

मी म्हटलं, हो.

“इतले दिवस मी तिच्यासमोर नाक घासून राहिली, अन् तुमी बाजूले बसून पेपर वाचून राहिले.”

मी म्हटलं, हो.

“मरून गेली असती मी, तर काय केलं असतं? तेही वहीत लिहिलं असतं?”

ती उठून आत गेली. स्वयंपाक झाला, माझं ताट वाढलं गेलं. दुपारचा चहा मीच केला, तिला नेऊन दिला. तिनं घेतला. साखर घातली नव्हती.

चारच्या सुमाराला बोलली. “गुरुवारी मी जाईन. अन् तिथं खाईन. जावई हातानं खीर करते माझ्यासाठी, ‘नाही’ म्हणवत नाही. गोळीचं काय करायचं ते तुमी तुमच्या डॉक्टरले विचारा.” मी म्हटलं, विचारतो. मग विचारलं, मी येऊ का बरोबर?

“नाही,” म्हणाली. “गुरुवार माझा हाय.”

तिचं बरोबर आहे. चार वर्षं लपूनछपून तिनं तो सांभाळला, त्यात मी आता पाहुणा म्हणून घुसणं शोभणार नाही. गुरुवार मी मागत नाही.

बाळ मुलगा आहे की मुलगी, हे मी तिला विचारलं नाही. नावही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण ते तुझ्याकडून कळावं असं वाटतं, आणि तुला सांगावंसं वाटलं नाही तर तोही तुझा अधिकार आहे. आकड्यांवरून मला बाळ आहे एवढंच काढता आलं. कसं हसतं, कुणासारखं दिसतं, ते कुठल्याही सूत्रात बसत नाही, आणि माझी सगळी तडफड आता तेवढ्यासाठी चालली आहे.

उरलेल्या सहा दिवसांतला एखादा दिवस मला देता आला तर एका ओळीचं कार्ड टाक. येईन, तू सांगशील तिथे बसेन, सांगशील तेव्हा उठेन. वही आणणार नाही.

हे पत्र आज संध्याकाळच्या डाकेनं टाकतो, बुधवारपर्यंत मिळावं. दिवस दे किंवा नको देऊ, गुरुवारी चार वाजता आईला रिक्षात बसवून देणं आता माझं काम. रिक्षावाल्याला पत्ता मीच सांगणार आहे. गल्लीत उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगणार आहे: चौबे कॉलनी, माझ्या मुलीचं घर.

तुझा बाबा,
आणि तुझी हरकत नसेल तर कुणाचा तरी आजोबा,

रत्नाकर